मार्च एंडच्या आधी दुबार नावांची यादी काढून टाकली, त्याबद्दल

आमच्या सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनमधून दुबार नावांची यादी, म्हणजे एकाच सभासदाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगखालच्या नोंदी शोधून दाखवणारं फीचर, काढून टाकायचं ठरलंय. ज्यांना हे कळलंय त्यातले बरेच जण विचारतात की एवढं चांगलं चाललेलं फीचर काढलं कशाला, आणि काही जण विचारतात की रिलीज तोंडावर आल्यावरच हे का सुचलं. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि फोनवर दोन मिनिटात उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. विषय टेक्निकल आहे पण आमच्या भागातल्या लोकांच्या पैशाशी त्याचा सरळ संबंध आहे, त्यामुळे थोडं लांबलं तरी वाचा.

आम्ही बेळगावात टिळकवाडीत बसून सहकारी सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. शेअर्स, ठेवी, पिग्मी, कर्ज, थकबाकी, कीर्द, खतावणी, ऑडिटला लागणारे रिपोर्ट, सगळं. सोसायट्या खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या बाजूच्या, काही कर्नाटकच्या सौहार्द सहकारी कायद्याखालच्या, काही त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. सहकार इकडे काल आलेला नाही, देशातली पहिली शेती पतपुरवठा सोसायटी आपल्या शेजारच्या गदग जिल्ह्यात कणगिनहाळला १९०५ साली निघाली. त्यामुळे इथल्या सोसायट्यांची रजिस्टरं जुनी आहेत, सभासद आजोबा-पणजोबांपासूनचे आहेत, आणि नावांचा घोळसुद्धा तेवढाच जुना आहे.

घोळ असा. शेताचा उतारा कन्नडमधे. सन २००० च्या सुमाराला सरकारच्या भूमी प्रोजेक्टमधून ते सगळे उतारे, इकडे आरटीसी म्हणतात ते, कॉम्प्युटरवर आले, कन्नडमधेच. सोसायटीचं जुनं रजिस्टर मराठीत, कारण लिहिणारा मराठी आणि सभासदही मराठी. पॅन कार्ड इंग्रजीत. आता एकच माणूस उताऱ्यावर एल्लाप्पा, रजिस्टरात यल्लाप्पा, पॅनवर इंग्रजीतून वाचलं तर येलप्पा. परशराम-परशुराम, जोतिबा-ज्योतिबा, लक्ष्मण-लक्षुमण हे तर रोजचंच. त्यात एकाने आधी स्वतःचं नाव मग वडिलांचं लिहायचं, दुसऱ्याने आडनावापासून सुरू करायचं, तिसऱ्याने आडनावाच्या जागी गावाचं नाव टाकायचं. काउंटरवरचा क्लार्क कानाला ऐकू येईल तसं टाईप करतो, मागे लाईन असते, तो तरी काय करणार.

यातून फसवणूकच होते असं नाही, बहुतेक वेळा तसलं काही नसतं. पण एका शाखेत थकबाकी असलेला माणूस दुसऱ्या शाखेत दुसऱ्या स्पेलिंगने जामीनदार म्हणून उभा राहू शकतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. आणि मला जास्त लागतं ते याच्या उलटं प्रकरण, म्हणजे घरातलं म्हातारं माणूस जातं, वारस सोसायटीत येतात, क्लार्क नाव शोधतो, सापडत नाही, आणि त्या माणसाचे शेअर्स आणि ठेव दुसऱ्याच स्पेलिंगखाली पडून राहतात. पैसे आहेत, माणसं खरी आहेत, कागदपत्रं पण आहेत, फक्त दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे मशीनला माहीत नाही. आधार नंबरावरून जुळवा की, असं प्रत्येक जण सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खाजगी संस्थांना मोकळीक देणारा भाग रद्द झाला, त्यामुळे आम्ही आमच्या सिस्टीममधे तो नंबर चावीसारखा वापरत नाही. आणि तसंही ३०-४० वर्षांपूर्वीच्या नोंदीत नाव, गाव आणि अंगठा याशिवाय असतं काय?

म्हणून आमच्या टीममधल्या एका मुलीने दुबार नावांची यादी बनवली. आत्तापर्यंत आमच्या ऑफिसात लिहिलेला सगळ्यात सुंदर कोड तो आहे असं मी अजूनही म्हणतो. युनिकोडमधे, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला नंबर द्यायच्या पद्धतीत, भारतीय लिप्यांचे तक्ते जुन्या इस्की या भारतीय कोडवरून घेतलेत, त्यामुळे ते एकमेकांना समांतर बसतात. देवनागरी क चा नंबर २३२५, कन्नड क चा ३२२१, फरक ८९६. ग घ्या, म घ्या, ळ घ्या, फरक तोच ८९६. म्हणजे कन्नड नावातल्या प्रत्येक अक्षरातून ८९६ वजा केले की नाव देवनागरीत हजर, कुठली लायब्ररी नको की इंटरनेट नको. अर्थात एवढ्यावर भागत नाही, कन्नडमधे ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत, मराठीत एकेकच, मग ऱ्हस्व ए देवनागरीच्या अशा घरात जाऊन पडतो की जे अक्षर मराठी माणूस कधी टाईपच करत नाही. तिने असे सगळे बारकावे एकेक करून बसवले, सुरुवातीचा य आणि ए एकच धरायचा, इकार-उकाराची लांबी सोडून द्यायची, जोडाक्षरातलं दुहेरीपण सोडायचं. मग उरलेल्या नावांवर लेव्हेनश्टाईन अंतर काढायचं, म्हणजे एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. ही पद्धत १९६५ सालची, व्लादिमिर लेव्हेनश्टाईन या रशियन गणितज्ञाची, आणि ती आमच्या उताऱ्यांवर इतकी छान चालते.

आणि अजून एक गोष्ट, जी पुढे आडवी आली. सगळ्या नावांना सारखं वजन देऊन चालत नाही. पाटील आणि पाटील जुळले यात विशेष काही नाही, अर्धं गाव पाटील असतं. पण एखादं न ऐकलेलं आडनाव दोन ठिकाणी जुळलं तर तो एकच माणूस असण्याची शक्यता फार वाढते. हा विचार फेलेगी आणि संटर या दोघांनी १९६९ मधे गणितात मांडलेला आहे, नोंदी जुळवण्याचं काम करणारे जगभर तोच वापरतात. तिने तो वापरला, म्हणजे सोसायटीत एखादं नाव किती वेळा येतं त्यावरून त्याचं वजन ठरतं. त्यामुळे यादी अचूक झाली. आणि त्यामुळेच एक नवीन सभासद आला किंवा एक नाव दुरुस्त केलं की वजनं थोडी थोडी हलतात आणि सगळ्या जोड्यांचे मार्क परत काढावे लागतात.

लहान सोसायटीत हे झकास चालायचं. सकाळी कॉम्प्युटर लावला की पहिल्या स्क्रीनवर संशयित जोड्या, क्लार्क आणि सेक्रेटरी चहा येईपर्यंत त्यातल्या चार-पाच निकालात काढायचे. मग बऱ्याच शाखा असलेल्या एका मोठ्या संस्थेला आमचं सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं आणि नवीन व्हर्जन त्यांच्यासाठीच तयार व्हायला लागलं.

आता हिशोब बघा. संक्रांतीला घरात दहा माणसं असली आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी तिळगूळ द्यायचा-घ्यायचा म्हटलं तर जोड्या होतात ४५. वीस माणसं झाली की ९० नाही, १९०. माणसं दुप्पट, काम चौपट. ८०० सभासदांच्या सोसायटीत जोड्या होतात ३ लाख १९ हजार ६००. हे आजकालच्या साध्या पीसीला काहीच नाही. ४०,००० सभासद झाले की जोड्या ७९ कोटी ९९ लाख ८० हजार, म्हणजे ८० कोटी धरा. सभासद पन्नास पट, काम अडीच हजार पट. जे लहान सोसायटीत दोन सेकंदात व्हायचं ते इथे त्याच मशीनवर तास-सव्वातासाच्या पुढे जाणार. आणि प्रत्येक नावाची तिन्ही रूपं भरलेली असतील तर एका जोडीत नऊ तुलना, आणि वीस-वीस अक्षरांच्या दोन नावांची एक तुलना म्हणजे ४०० घरांचा तक्ता भरणं. कागदावर गुणाकार केला आणि थांबलो, पुढे जायची गरजच नव्हती. तरी खात्री करायची म्हणून तेवढीच बनावट नावं तयार करून चालवून बघितलं. कागदावर होतं तेच स्क्रीनवर झालं, वर आणि मेमरी भरून गेल्यामुळे काउंटरची पावती पण अडकायला लागली. मार्च एंडला पावती अडकणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी ३१ मार्चला सोसायटीत उभं राहून बघितलंय त्यांना सांगायला नको.

यावर उपाय नाहीत असं नाही, आणि आम्ही लगेच काढून टाकायला धावलो असंही नाही. पहिला उपाय सगळ्यांना सुचतो, रात्री चालवा. पण आमच्याकडच्या शाखा बंद करताना शिपाई मेन स्विच पाडून जातो, ती सवय चांगली आहे, शॉर्ट सर्किटची भीती असते, आणि सॉफ्टवेअरसाठी ती मोडा असं मी कुणाला सांगणार नाही. दुसरा उपाय, मोठा सर्व्हर घ्या. मोठी संस्था घेईल पण, पण वर्गाने, म्हणजे दुपटीला चौपट असं, वाढणाऱ्या कामाला दुप्पट ताकदीचं मशीन दिलं तर सभासद फक्त सव्वा ते दीड पटीपर्यंत पेलतात, नंतर परत तिथेच. एवढ्यासाठी लोकांच्या ठेवीतून चाललेल्या संस्थेला लाखभर रुपये घालायला लावणं मला पटत नाही.

तिसरा उपाय खरा उपाय आहे. सगळ्यांची सगळ्यांशी तुलना करायचीच नाही, आधी ढोबळ गट पाडायचे आणि गटातल्या गटातच बघायचं. पुस्तकात हे फार सोपं दिसतं. आपल्याकडे आडनावावरून गट पाडले तर पाटलांचा एक गट एवढा मोठा होतो की तो एकटाच मशीनला जड जातो, समजा ६,००० पाटील निघाले तर त्या एकाच गटात जवळजवळ १ कोटी ८० लाख जोड्या. पहिल्या अक्षरावरून पाडले तर यल्लाप्पा एका गटात आणि एल्लाप्पा दुसऱ्यात, म्हणजे ज्यांना एकत्र आणायला हे सगळं केलं तेच कधी समोरासमोर येणार नाहीत. गावावरून पाडले तर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायका सुटतात, आणि वारसाच्या प्रकरणात त्याच जास्त असतात. आम्ही वापरतो त्या पोस्टग्रेस डेटाबेसमधे तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवर इंडेक्स करायची सोय आहे, ट्रायग्राम म्हणतात, त्यावरून संभाव्य नावं पटकन वेचून मग फक्त तेवढ्यांचीच बारीक तुलना करता येईल. माझा स्वतःचा भरवसा यावरच आहे. वजनं रोज न बदलता महिन्यातून एकदा गोठवली तर नवीन नावाला फक्त जुन्या नावांशीच बघावं लागेल, ८० कोटींच्या जागी ४० हजार. पण यातलं काहीही करायचं म्हटलं तरी एक गोष्ट आधी सिद्ध करायला लागते, की जुनी हळू यादी ज्या जोड्या पकडत होती त्या नवीन जलद यादीत सुटत नाहीयेत. ते तपासायला लागणारा वेळ मार्चच्या आधी नव्हता.

आणि मग चौथा उपाय पुढे आला, जो मला सगळ्यात धोक्याचा वाटतो आणि ज्याच्यावरून खरा वाद झाला. यादीला वेळेची मर्यादा घाला. वीस सेकंद चालू द्या, तेवढ्यात जेवढ्या जोड्या सापडतील तेवढ्या दाखवा, बाकी सोडा. दिसायला किती समजूतदार दिसतं. स्क्रीन अडकत नाही, पावती अडकत नाही, फीचर पण राहतं, डेमोला पण छान. पण समोर बसलेल्या क्लार्कच्या जागी जाऊन विचार करा. त्याला यादीत नाव दिसलं नाही म्हणजे तो काय समजणार? नाव दुबार नाही असंच समजणार. प्रत्यक्षात मशीन त्या नावापर्यंत पोचलंच नसेल. त्या "नाही"वर कर्ज मंजूर होईल, त्या "नाही"वर एखाद्या वारसाला परत पाठवलं जाईल. यादीच नसती तर त्याच क्लार्कने जुनं रजिस्टर काढलं असतं, गावातल्या जुन्या संचालकाला फोन करून विचारलं असतं, हे लोक वर्षानुवर्षं तेच करत आलेत आणि त्यांची माहिती दांडगी असते. अर्धी यादी त्यांचं ते विचारणं बंद करते. कर्जाच्या कामात अर्धवट यादी ही यादी नसण्यापेक्षा वाईट, यावर मी ठाम होतो आणि आहे.

खाली "यादी अपूर्ण आहे" अशी ओळ टाकू, असं पार्टनर म्हणाला. टाकता येते. पण रोज सकाळी दिसणारी ओळ चौथ्या दिवशी कुणी वाचत नाही.

पार्टनरचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार होता. तो म्हणाला, लहान सोसायट्यांनी काय बिघडवलंय, त्यांचं चाललंय ना, मग सभासदसंख्येवर मर्यादा टाकू, २,००० च्या आत असेल तर यादी चालू, वर गेली की बंद. ह्याच्यावर मी बराच विचार केला कारण त्यात न्याय आहे. पण २,००० वी व्यक्ती सभासद होईल तो दिवस कुठला असेल आपल्या हातात नाही, समजा ऑडिटच्या आठवड्यात झाली तर, काल होती ती यादी आज नाही, आणि फोन लावणारा सेक्रेटरी म्हणणार की आम्ही तर काहीच बदललं नाही. त्याचं म्हणणं खरं असेल. सोसायटीची वाढ झाली म्हणून तिची सोय जाणार हे मला कुठल्याच बाजूने बरोबर वाटत नाही. शिवाय दोन वेगळ्या वागणुकीचं सॉफ्टवेअर म्हणजे टेस्टिंग दुप्पट आणि फोनवर मदत करणाऱ्या पोरांनी आधी विचारायचं, तुमचे सभासद किती. शेवटी मधला रस्ता निघाला तो त्याच्याच बोलण्यातून निघाला, ज्या लहान सोसायट्यांचं जुन्या व्हर्जनवर नीट चाललंय त्यांना मार्च एंड आणि ऑडिट होईपर्यंत हलवायचंच नाही. त्यांची यादी त्यांच्याकडे राहील, जुन्या व्हर्जनला काही अडलं तर आम्ही बघू. नवीन व्हर्जन फक्त मोठ्या संस्थेला आणि नव्याने येणाऱ्यांना.

रिलीजच्या आधी काढणं आणि रिलीजनंतर काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला लोकांना पटवायला सगळ्यात जड गेलं. "देऊन बघू, नाही चाललं तर एप्रिलमधे काढू" हे ऐकायला सोपं आहे. पण सोसायटीत एखादी गोष्ट दिली की तिच्याभोवती काम उभं राहतं, संचालक मंडळ ठराव करतं की कर्जाच्या प्रत्येक अर्जाला यादीची प्रिंट जोडायची, मॅनेजर रजिस्टरमधला रकाना बंद करतो, नवीन क्लार्कला जुनी पद्धत कुणी शिकवतच नाही. मग काढायचं म्हणजे नुसता कोड काढायचा नसतो, ठराव बदलायला लागतात. मोठमोठ्या प्रोजेक्टमधे हेच बघायला मिळतं. आम्ही ज्याच्यावर सगळं चालवतो त्या पोस्टग्रेसचंच घ्या. आवृत्ती १५ मधे एसक्यूएल-जेसनचं, म्हणजे जेसन पद्धतीने लिहिलेला डेटा हाताळायच्या नव्या सोयींचं, मोठं काम येणार होतं, कितीतरी लोक वाट बघत होते, चाचणीसाठीच्या बीटामधे सुद्धा आलेलं. पण त्याच्या डिझाईनबद्दलच्या शंका मिटेनात म्हणून सप्टेंबर २०२२ मधे त्यांनी ते काम मागे घेतलं, आणि ऑक्टोबरमधे १५ त्याच्याशिवाय बाहेर आली. नंतर ते टप्प्याटप्प्याने परत आलं, काही १६ मधे, जेसन टेबल २०२४ च्या १७ मधे. दोन वर्षं उशीर झाला, पण जगभर ज्यांचा डेटा त्याच्यावर आहे त्यांनी कच्चं काम गळ्यात घेतलं नाही. हे लोक सॉफ्टवेअर फुकट देतात आणि त्यांच्यात एवढी शिस्त, मला त्यांचा फार आदर वाटतो.

पण काढणं म्हणजे आपोआप शहाणपण असंही नाही, याचंही उदाहरण आहे. अमेरिकेची सरकारी आरोग्य विम्याची वेबसाईट, हेल्थकेअर डॉट गव्ह, १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. खातं न उघडता नुसते प्लॅन बघायची सोय त्यात द्यायची होती, ती सुरू व्हायच्या थोडं आधी बाजूला ठेवली गेली. परिणाम असा की ज्याला फक्त किंमत बघायची होती त्यालाही खातं उघडायला लागलं, सगळी गर्दी त्या एकाच दारावर आली, आणि पहिल्या दिवशी पूर्ण नोंदणी झाली फक्त सहा लोकांची. अडचणी अजून बऱ्याच होत्या, पण काढलेल्या गोष्टीवर दुसरं काय टेकलेलं आहे हे बघायला पाहिजे एवढं त्यातून मी घेतलं.

म्हणून काढायचं ठरल्यावर आम्ही आधी तेच शोधलं, यादीवर काय काय टेकलंय. आणि सापडलं. कर्जाच्या अर्जात "दुबार तपासणी झाली" असा एक चौकोन आहे, तो यादीवरून आपोआप भरायचा, अर्जदाराचं नाव यादीत नसेल तर बरोबरची खूण. यादी काढली की कुणाचंच नाव यादीत नाही, म्हणजे प्रत्येक अर्जावर बरोबरची खूण! कुठे एरर नाही, काही नाही, सगळं हिरवंगार, आणि तपासणी शून्य. आता तो चौकोन आपोआप भरत नाही, क्लार्कने स्वतः नाव शोधल्याशिवाय आणि स्वतःच्या लॉगिनने मान्य केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. एवढी एक गोष्ट सापडली म्हणून पण मी म्हणेन की घालवलेला वेळ सार्थकी लागला.

आणि शोधायची सोय ठेवलीय. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण काढलं-काढलं म्हणताना लोकांना वाटतं तिचं सगळं काम फेकून दिलं. वर्गाने वाढणारी गोष्ट एकच होती, सगळ्यांची सगळ्यांशी आपोआप तुलना. एका नावाची सगळ्यांशी तुलना वर्गाने वाढत नाही, ४०,००० सभासद असतील तर ४०,००० तुलना, आणि ते मोठ्या संस्थेतसुद्धा आरामात होतं. त्यामुळे कन्नड-मराठी जुळवणी, य-ए चा नियम, लेव्हेनश्टाईन, सगळं जागेवर आहे, फक्त ते बटन दाबल्यावर एका नावासाठी चालतं आणि पूर्ण चालतं. सभासदाच्या नावाची इतर रूपं ठेवायचा जो तक्ता आहे तोही तसाच आहे, त्यात भरलेलं एकही नाव गेलेलं नाही. बटन दाबलं तर सापडेल, कुणी दाबलंच नाही तर यादीसारखं समोर येऊन सांगणार नाही, एवढं गेलंय. आणि ते लहान नाही, मी ते लहान करून सांगणार नाही. जे आपण होऊन शोधलं जात नाही तेच यादी दाखवायची.

जिने हे लिहिलं तिच्याशी बोलायला मला जड जाईल असं वाटलेलं. तिने सगळे आकडे बघितले आणि म्हणाली, "दादा, काढायचं तर पूर्ण काढूया, ते वीस सेकंदाचं तेवढं नको." तिनेच मग दोन दिवस बसून कर्जाच्या अर्जाचं ते चौकोनाचं प्रकरण दुरुस्त केलं. आपण मन लावून केलेल्या कामाबद्दल इतक्या सरळ डोक्याने बोलणं सोपं नसतं, तिच्याकडून मी हे शिकतोय.

खानापूर बाजूच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मात्र नाराज आहेत. त्यांच्याकडे जुनंच व्हर्जन राहणार आहे हे सांगूनही नाराज. म्हणाले, "आज ऱ्हाऊदे ओ, पण कधीतरी नवीन घ्यायलाच लागणार की, तवा काय करायचं आमी? त्या लिस्टमुळं दोन म्हाताऱ्यांचे शेअर्स सापडलेत बघा आमच्याकडं." या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असं वाक्य ऐकून जो निर्णय परत तपासत नाही त्याने सॉफ्टवेअर करू नये. मी परत तपासला. तरी तोच राहिला. त्यांना मी एवढंच म्हणालो की काका, तुमच्याकडं यादी पूर्ण येत्या म्हणून ते शेअर्स सापडले, मोठ्या संस्थेत ती पूर्ण येणार नाही आणि तिथल्या म्हाताऱ्यांचं नाव ज्या भागात मशीन पोचलं नाही त्या भागात असलं तर? ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग पूर्ण येईल असं करा की." तेच करायचंय.

ऑडिट सरलं की मे महिन्यात कामाला लागायचं. पहिल्यांदा लहान सोसायट्यांच्या परवानगीने, त्यांच्याच ऑफिसात बसून, जुन्या यादीने आत्तापर्यंत पकडलेल्या आणि क्लार्कने खऱ्या ठरवलेल्या जोड्या एका बाजूला काढायच्या. मग ट्रायग्रामची जलद पद्धत त्याच डेटावर चालवायची आणि बघायचं की त्यातली एक तरी जोडी सुटते का. सुटली तर का सुटली ते शोधायचं, नियम दुरुस्त करायचा, परत चालवायचं. एकही सुटत नाही असं झालं की मोठ्या संस्थेच्या आकारावर वेळ मोजायचा, आणि तो काउंटरला परवडणारा असला तरच यादी परत पहिल्या स्क्रीनवर आणायची. तारीख मी कुणाला दिलेली नाही आणि देणार नाही.

यात एक मदत हवीय. सीमाभागातल्या सोसायटीत, तलाठी ऑफिसात, शाळेच्या दाखल्यांवर, बँकेत कुठेही काम करणारे असाल तर एकाच नावाची उताऱ्यावर, दाखल्यावर आणि पॅनवर कशी कशी रूपं बघितलीत तेवढी कळवा. नुसती रूपं, कुणाचा खाते नंबर, गाव, पूर्ण नाव काहीही नको. निपाणी-चिकोडीकडची विशेष पाहिजेत, आमच्याकडं खानापूरची बरीच झालीत, तिकडची कमी आहेत. बायकांची नावं पण पाठवा, लग्नाआधीचं आणि नंतरचं ज्या पद्धतीने जोडून लिहितात ते प्रत्येक गावात वेगळं दिसतंय आणि आमच्या नियमांचा सगळ्यात कच्चा भाग सध्या तोच आहे.